धाकट्याच्या नावावर

थोरला पहिल्यांदा मोठ्या संघातून मैदानात उतरला, त्या दिवशी सकाळच्या पेपरात त्याचं वय सतरा छापून आलं होतं. प्रत्यक्षात त्याला एकोणीस पुरी होऊन पाच महिने झाले होते. हे सगळ्या जगात तिघांनाच ठाऊक होतं: त्याला, त्याच्या बाबांना आणि आईला.

सामना एक-एक असा रखडला होता. शहात्तराव्या मिनिटाला उजव्या बाजूने खेळणारा गडी मांडी धरून खाली बसला आणि कोचनी बाकाकडे न बघताच बोट दाखवलं. लंगडत बाहेर येणाऱ्याने थोरल्याच्या डोक्यात टपली मारली. "जा छोटू, माझ्या वाटचंही पळ." संघात वयाने सगळ्यांत लहान म्हणून त्याला छोटू म्हणायचे. बुटांच्या नाड्या आई बांधून देते का, रात्री दूध पितो का, असल्या चेष्टा रोजच्याच होत्या. तोही हसून साजरं करायचा.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं त्याला चेंडू मिळालाच नाही. मग एकदा मिळाला तो थेट बाहेर गेला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला मात्र रेषेलगत चेंडू पायात आला, समोरच्या बचावपटूचं वजन चुकीच्या पायावर होतं, थोरल्याने चेंडू त्याच्या एका बाजूने ढकलला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने पळाला. मान वर न करता त्याने चेंडू गोलसमोर उचलून दिला. डोक्याने कुणी मारला ते त्याने पाहिलंच नाही. आधी आवाज आला. मग लाउडस्पीकरवरून गोल करणाऱ्याचं नाव, त्याला पास देणाऱ्याचं नाव, आणि ते दुसरं नाव बारा हजार माणसं एका ठेक्यात म्हणायला लागली.

ते नाव त्याच्या धाकट्या भावाचं होतं. धाकट्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

सोमवारी सुट्टी असायची. तो घरी गेला, तेव्हा बाबा डेपोतून आले होते. बसच्या डेपोत ते मेकॅनिक होते. पेपरातलं कात्रण त्यांनी आपल्या हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं आणि हे त्यांनी दोनदा सांगितलं. आईने पानं वाढली. तिच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर पट्टी होती. "वाफ लागली," ती म्हणाली. ती इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायची, तेव्हा वाफ लागणं काही नवीन नव्हतं.

"तुला लागलं नाही ना कुठे, थोरल्या?"

"नाही."

"बरं. भात अजून आहे."

सामन्याबद्दल ती एवढंच बोलली.

हे सुरू कसं झालं, तर एका कागदावरून. थोरला बारा वर्षांचा असताना गल्लीमागच्या मोकळ्या जागेत खेळायचा. तिथे एक म्हातारा फुटबॉल शिकवायचा, स्वतः कधीकाळी चांगला खेळलेला. तो बाबांना म्हणाला, "पोराच्या पायात जादू आहे. पण क्लबच्या अकादमीत दहा वर्षांचीच मुलं घेतात. दोन वर्षं उशिरा जन्माला यायला हवा होता." म्हातारा सहज बोलून गेला. बाबांच्या डोक्यात मात्र ते वाक्य घर करून बसलं.

घरात दोन मुलगे होते आणि दोन जन्मदाखले होते. धाकटा थोरल्याहून दोन वर्षं आणि एका महिन्याने लहान. तो साडेतीन वर्षांचा असताना चार दिवसांच्या तापाने गेला. तेव्हा बाबांची बदली दुसऱ्या गावी झालेली होती, घरातलं सामान बांधून ठेवलेलं होतं, ट्रकमध्ये चढायचं होतं, आणि त्या धांदलीत मृत्यूची नोंद करायची राहून गेली. म्हणजे सरकारदरबारी धाकटा जिवंतच होता. थोरल्याला त्याच्याबद्दल फारसं आठवत नसे. एकच पक्कं आठवायचं: झोप लागेपर्यंत तो थोरल्याच्या कानाची पाळी बोटांत धरून पडायचा, आणि हात सोडवायला गेलं की चावायचा.

बाबांनी जेवताना विषय काढला तेव्हा आईचा हात थांबला. "दोन वर्षांचा तर प्रश्न," बाबा म्हणाले. "पोराचं भलं होईल. त्या दुसऱ्या कागदाचा आता कुणाला काय उपयोग?" आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने थोरल्याची चड्डी आणि बनियन इस्त्री करून पिशवीत भरली, आणि थोरला बारा वर्षांचा घरातून निघाला तो दहा वर्षांचा होऊन मैदानावर पोचला.

अंगाने तो बारीक होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अकादमीच्या शाळेत त्याला दोन इयत्ता मागे बसवलं. आधी शिकलेलंच पुन्हा शिकायचं असल्यामुळे तो वर्गात पहिला यायचा आणि मास्तर इतरांना सांगायचे, बघा, खेळतो आणि अभ्यासही करतो. मैदानावरही तसंच होतं. दहा वर्षांच्या मुलांत बारा वर्षांचा पोरगा धावला की बाकीचे जागच्या जागी उभे असल्यासारखे दिसतात. पहिल्या वर्षी त्याला याची मजा वाटली. नंतर नंतर एखादा छोटा पोरगा त्याला अडवायला जिवाच्या आकांताने पळत यायचा, तोंड लालबुंद व्हायचं, आणि थोरला त्याच्याजवळून निघून जायचा, तेव्हा त्याला मागे वळून बघवत नसे. पण गोल झाला की सगळे येऊन अंगावर पडायचे आणि ते विसरायला व्हायचं.

वसतिगृहात त्याच्या खोलीत एक मुलगा होता. बसमध्ये, वर्गात, जेवणाच्या रांगेत, कुठेही उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा म्हणून त्याला पेंग्या म्हणायचे. मैदानावर मात्र तो जागा असायचा. तोही उजव्या बाजूनेच खेळायचा. पास देण्यात थोरल्यापेक्षा सरस, पळण्यात कमी. पाच वर्षं दोघं एका खोलीत राहिले, एकमेकांचे मोजे घातले. पेंग्या पंधरा वर्षांचा झाला तेव्हा अकादमीने त्या जागेसाठी एकालाच ठेवायचं ठरवलं. थोरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. पेंग्याने बॅग भरली, अंथरुणाची घडी केली, आणि "माझी उशी तुला. तुझी फाटलीय" एवढं बोलून गेला.

गंमत अशी की पुढे पुढे थोरल्याचा वेग पूर्वीइतका उठून दिसेनासा झाला. बाकीची मुलं वाढली, त्याची वाढ आधीच होऊन गेली होती. तोवर तो खरंच मेहनत करायला लागला होता. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर, डाव्या पायाने शंभर फटके, मग बाकीचा सराव. त्यामुळे मोठ्या संघात त्याची निवड झाली ती फुकटची म्हणता येणार नाही. पण त्याला स्वतःला त्यातलं नेमकं किती कमावलेलं आणि किती उचललेलं, याचा कधी उलगडा होत नसे.

मोठ्या संघात आल्यावर तो सात सामने खेळला. त्याच सुमारास कपडे बदलायच्या खोल्यांची जुनी फरशी काढून नवीन टाइल्स बसवायचं काम चाललं होतं. एका दुपारी थोरला आंघोळ करून चपला पायात सरकवत बाहेर आला, तर दारात एकजण गुडघ्यांवर बसून फरशीची सपाटी तपासायला लेव्हलच्या नळीतला बुडबुडा बघत होता.

"पाय उचल, ओलं आहे," तो वर न बघता म्हणाला. मग वर बघितलं. "अरे. छोटू."

पेंग्या होता. केसांत सिमेंट, हातात रबरी हातोडी. त्याने आपल्या दोन्ही साथीदारांना हाका मारून बोलावलं. "हा माझ्या खोलीत होता. पाच वर्षं. बघा, खोटं सांगत होतो का मी?" साथीदारांनी थोरल्याशी हात मिळवला. त्यांनी फोटो काढला. ते परत कामाला गेल्यावर दोघं भिंतीशी टेकून बसले.

"कसं चाललंय?" थोरल्याने विचारलं.

"चाललंय. मामाचा धंदा आहे टाइल्सचा. गुडघे जातात, बाकी बरं." पेंग्याने हातमोजा काढला. "तू काय पळतोस रे. रविवारी बघितलं मी टीव्हीवर. मला आधी फार राग यायचा, खरं सांगतो. मी म्हणायचो, हाही दहाचा, मीही दहाचा, मग मला का जमत नाही? सर मला काय म्हणाले आठवतंय? तुझ्याच वयाचा आहे ना तो, बघ जरा. मी वर्षभर रोज पहाटे उठून जिने चढायचो. तुला माहीत नाही, तू झोपलेला असायचास."

"जिने?"

"वसतिगृहाचे. चार मजले, दहा वेळा. म्हणून तर दिवसभर पेंगायचो." तो हसला. "शेवटी मनाशी म्हटलं, देवाने एकेकाला दिलेलं असतं. आता राग नाही. आता लोकांना सांगतो, हा माझा दोस्त."

बसची वेळ झाली म्हणून तो उठला, आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला. कोणीतरी मागून त्याच्या कानात दुधाची बाटली हवी का म्हणून विचारलं. या खेपेला त्याला हसता आलं नाही.

आठवड्याभरात सरावात त्याचा गुडघा मुरगळला. क्लबच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला आणि फिल्म उजेडावर धरून बराच वेळ बघत राहिल्या. मोडलेलं काही नव्हतं. "दहा दिवस विश्रांती," त्या म्हणाल्या. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. "तुझं वय किती?"

"सतरा."

"सतराव्या वर्षी हाडाच्या टोकाशी इथे एक रेघ बहुतेक वेळा दिसते. वाढ चालू असल्याची खूण. तुझी पार मिटलेली आहे. काहींची लवकर मिटते." त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. "मी गुडघ्यासाठी बघितला, तेवढंच लिहीन. पण सगळ्यांचे डॉक्टर गुडघ्यापुरतं बघत नाहीत, एवढं लक्षात ठेव."

त्याला कळलं त्या काय म्हणाल्या ते. चारच दिवसांत पत्र आलं: देशाच्या अठरा वर्षांखालच्या संघाच्या शिबिरासाठी निवड. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पहिल्या दिवशी सर्व खेळाडूंच्या मनगटाचा एक्स-रे काढून वयतपासणी होईल.

बाबांना फोन केला तर ऐकून त्यांनी ठेवूनच दिला. थोड्या वेळाने त्यांनीच परत केला. "गुडघा दुखतोय म्हण. आहेच ना दुखत. हे शिबिर हुकलं तर हुकलं. पुढच्या वर्षी तू अठरा पार करशील, मग कोण विचारतंय?"

"मी कधीच अठरा पार केलीय, बाबा."

"फोनवर बोलू नकोस असलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आईच्या लाँड्रीत गेला. घरी बाबा असणार होते, म्हणून. तो तिथे लहानपणी एकदाच गेला होता. इस्पितळाच्या मागच्या अंगणात बैठी इमारत, दारातूनच गरम साबणाचा वास. आत एक लांबलचक रोलर फिरत होता आणि त्याच्या एका टोकाला आई नि आणखी एक बाई ओल्या चादरीचे कोपरे धरून आत सोडत होत्या. पलीकडून चादर कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. खिडकीत रेडिओ होता. दुसऱ्या बाईने त्याला ओळखलं आणि कोपर मारून आईला दाखवलं.

ती डबा घेऊन मागच्या पायरीवर आली. तिने अर्धी पोळी त्याच्या हातात दिली. पट्टी निघाली होती, हातावर बोटभर लांब तांबडा व्रण होता.

"शिबिराला जायचं की नाही, विचारायला आलास?"

"बाबांनी सांगितलं वाटतं."

"ते काही सांगत नाहीत. पण फोन माझ्या कानावर पडला, आणि कालपासून ते घरात चकरा मारतायत."

"आई, तू एकदाही मैदानावर आली नाहीस."

"गर्दी सोसत नाही मला."

"ते तू बाबांना सांगतेस."

तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "त्या रविवारी मी कामावर होते," ती म्हणाली. "रेडिओ लागला होता. मी चादर लावत होते आणि त्याचं नाव ऐकलं. सगळे ओरडत होते. मला वाटलं, आलाय मोठा होऊन. सतरा वर्षांचाच झाला असता ना तो. क्षणभर मला खरंच तसं वाटलं, वेड्यासारखं. मग आठवलं, आणि हात रोलरला लागला." ती व्रणाकडे बघत होती. "चौदा वर्षांत तो गेलाय हे मी एक दिवस विसरले नव्हते. त्या दिवशी विसरले. म्हणजे मला तो परत एकदा गेला, थोरल्या."

आतून रोलरचा आवाज येत होता.

"मला आधी का नाही बोललीस?"

"काय बोलू? तुझ्या खेळात मोडता घालू? तू चांगला खेळतोस हे मला कळतं. बाया येऊन सांगतात, तुमच्या मुलाचं नाव झालं. मी हो म्हणते. कुठल्या मुलाचं, ते मनात म्हणते."

"मग मी काय करू, तू सांग."

"मी नाही सांगणार." तिचा आवाज चढला नाही. "मी सांगितलं आणि तुझं खेळणं गेलं, तर जन्मभर माझ्याकडे बघशील. तेव्हा तुझ्या बाबांनी त्यांच्या मनाने केलं. तू तेव्हा लहान होतास. आता नाहीस. तुझ्या मनाने कर."

तिची सुट्टी संपली होती. ती डबा धुऊन आत गेली.

थोरला सरळ क्लबच्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजर भारदस्त माणूस, टेबलावर गोळ्यांच्या चार बाटल्या मांडून बसलेला. थोरल्याने उभ्या उभ्याच सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर पुन्हा जमलं नसतं. मॅनेजर उठले, दार लावून आले, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "आणखी कोणाला बोललास?"

"कोणाला नाही."

"शहाणा आहेस. ऐक. गुडघ्याचं पत्र आम्ही देतो. शिबिराला जाऊ नकोस. मोठ्या संघाला वयाची अट नाही, तिथे तू खेळू शकतोस. अजून सहा महिन्यांनी हा प्रश्नच उरणार नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तू बाहेर जा. मी काहीच ऐकलं नाही."

कुणी ओरडेल, हाकलून देईल, अशी तयारी करून तो आला होता. सुटका होईल ही तयारी नव्हती. जिना उतरताना त्याला क्षणभर हलकं वाटलं. खाली आला तर टाइल्सवाल्यांचं काम संपत आलं होतं आणि पेंग्या फडक्याने नवी फरशी पुसत होता. तो हलकेपणा तिथेच विरला.

फुटबॉल महासंघाला खरं वय कळवणारं पत्र लिहायचं तर स्वतःचा जन्मदाखला जोडायला हवा होता. तो बाबांकडे होता. बाबा खाटेवर बसून कामाचे बूट घालत होते.

"कशाला हवाय?"

थोरल्याने सांगितलं. बाबांनी एक बूट घातला, दुसरा हातात तसाच धरून बसले.

"सात वर्षं," ते म्हणाले. "सात वर्षं मी बूट आणले, बसने तुला सोडायला आलो, ओव्हरटाइम केला. आणि तू जाऊन सांगणार माझा बाप लबाड आहे."

"मी लिहिलंय, मला ठाऊक होतं. बारा वर्षांचा होतो. तेवढं कळत होतं."

"मला आत टाकतील, कळतंय का तुला?"

ते थोरल्याला कळत होतं. चार रात्री त्याने तोच विचार केला होता. "तुम्ही नको म्हणालात तर नाही पाठवत," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

बाबा उठले, कपाटातली प्लॅस्टिकची फाइल काढली आणि खाटेवर टाकली. दुसऱ्या बुटाची नाडी न बांधताच ते कामावर गेले.

पत्र टाकायच्या आधी थोरला पेंग्याकडे गेला. पेपरात वाचून कळण्यापेक्षा तोंडाने कळावं, एवढीच इच्छा. पेंग्या मामाच्या दुकानासमोर टेम्पोतून टाइल्सची खोकी उतरवत होता. ऐकताना त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं नाही.

"म्हणजे मी दहाचा होतो तेव्हा तू बारा," तो म्हणाला.

"हो."

"पंधराचा होतो तेव्हा सतरा."

"हो."

पेंग्याने खोकं दुकानाच्या पायरीवर ठेवलं, सावकाश, फुटू नये म्हणून. "मग मी एवढा वाईट नव्हतो तर," तो म्हणाला. तो थोरल्याकडे बघत नव्हता. "हे तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस. त्यांना काय सांगायचं ते सांग, नको सांगूस. मला सांगायला हवं होतंस. मी जिने चढत होतो रे."

थोरला माफी मागायला लागला तर पेंग्याने हात वर करून थांबवलं आणि पुढचं खोकं उचलायला गेला. त्यानंतर थोरल्याने त्याला फोन केले ते त्याने उचलले नाहीत.

पुढचं सगळं पेपरात आलं. दीड वर्षाची बंदी. करार रद्द. अकादमीच्या संघाने थोरल्याच्या काळात जिंकलेले दोन करंडक काढून घेतले गेले, आणि हे त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. त्या संघात आणखी सोळा मुलं होती. त्यांतल्या गोलकीपरने आपलं पदक वसतिगृहाच्या चौकीदारापाशी ठेवलं आणि निरोप दिला, "छोटूला द्या, हे त्याचंच आहे." थोरल्याने ते परत पाठवलं. ते पुन्हा आलं. क्लबने पत्रक काढलं की आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मॅनेजरांनी त्याखाली सही केली. थोरल्याने ते वाचलं आणि घडी करून ठेवलं.

बाबांची चौकशी झाली. शिक्षा झाली नाही, सक्त ताकीद मिळाली, पण डेपोत लोक त्यांना बघून बोलणं बदलायला लागले. कपाटाच्या दारावरचं कात्रण त्यांनी खरवडून काढलं. घरात ते थोरल्याशी बोलत नसत. काही सांगायचं तर आईला सांगत, तो समोर बसलेला असला तरी. असं चार महिने चाललं.

मग नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं, की धाकट्याच्या मृत्यूची नोंद करून घ्यावी. तिघं गेले. खिडकीमागे एक तरुण कारकून बाई होती, गळ्यात ओळखपत्र, कानाशी पेन. तिने अर्ज सरकवला. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव. बाबा भरत गेले. मृत्यूची तारीख लिहायची आली तसा पेन थांबला.

"तारीख आठवत नाही का?" बाईने विचारलं. तिने चांगल्या मनानेच विचारलं होतं.

आईने तारीख सांगितली, वार सांगितला, आणि वेळही सांगितली, जरी अर्जात वेळेचा रकाना नव्हता. थोरल्याने पेन बाबांच्या हातातून घेतला आणि लिहिलं.

बाहेर आल्यावर बाबा तिथल्या बाकावर बसले. आई पाणी आणायला गेली. चार महिन्यांत पहिल्यांदाच ते थोरल्याशी बोलले.

"कागदासाठी नव्हतं ठेवलं मी ते," ते म्हणाले. "तुला वाटत असेल मी तेव्हापासूनच डाव मांडून बसलो होतो. तसं नाही. बदलीच्या दिवशी मी त्या गावच्या कचेरीत गेलो होतो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला, त्या माणसाने विचारलं काय काम आहे, आणि मला ते तोंडाने म्हणता येईना. मी म्हटलं, काही नाही, आणि निघून आलो. पुढे दर वर्षी म्हणायचो, जाईन. मग तो म्हातारा बोलला आणि मला वाटलं, जिवंत आहेच ना कागदावर, तर निदान तुझ्या उपयोगी पडू दे."

थोरला त्यांच्याशेजारी बसला. आई पाणी घेऊन आली, आधी तिने बाबांना दिलं.

बंदी संपली तेव्हा थोरला एकवीस वर्षांचा झाला होता. मोठ्या क्लबांपैकी कुणी त्याला विचारलं नाही. एका मालवाहतूक कंपनीचा दुय्यम गटातला संघ होता, त्यांनी घेतलं. सकाळी गोदामात माल उतरवून घ्यायचा, दुपारी सराव. तिथल्या कोचबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला पुढून मागे आणलं. "तुझा वेग ठीक आहे, फार नाही," त्या म्हणाल्या. "बचावात खेळ. शिकायला उशीर झालाय, पण शिकशील." त्याला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, कारण त्याच्या खऱ्या वयाकडे बघून कुणी प्रशिक्षकाने काही सांगितलं ते हे पहिलंच.

त्या हंगामात संघ खालून तिसरा होता. पावणेदोनशे माणसं सामना बघायला यायची, त्यातली निम्मी गोदामातली. अशाच एका सामन्यात समोरच्या संघाचा डाव्या बाजूचा पोरगा, अठरा-एकोणीसचा, त्याला तीनदा चकवून गेला. एकदा त्यातून गोल झाला. साठाव्या मिनिटाला कोचबाईंनी थोरल्याला बाहेर घेतलं. तो बाकावर येऊन बसला, कोणीतरी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. त्याच्या जागी उतरणारा अजून कडेला उभा राहून बुटाची नाडी आवळत होता. थोरल्याने त्याला हाताने जवळ बोलावलं.

"तो खांदा आत टाकतो आणि बाहेरून जातो. खांद्याकडे बघू नकोस. मी खांद्याकडे बघत राहिलो."

"मग कुठे बघू?"

"कमरेकडे," थोरला म्हणाला, आणि बर्फ नीट धरून पुढे वाकून बघायला लागला.